संगणक थेट ग्राहकाला विकावा की दुकानामार्फत? जुळणी करून विकणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

संगणकाची जुळणी करून विकणारे अनेक जण एकच चूक पुन्हा पुन्हा करतात. दुकानदाराला द्यावे लागणारे मार्जिन त्यांना खुपते, "मधला माणूस काढला की ती रक्कम आपली" असे गणित ते मांडतात, दुकाने सोडून थेट विक्री सुरू करतात, आणि वर्ष संपताना हातात आधीपेक्षा कमी पैसे उरलेले दिसतात. मांडणी करणे, ग्राहकाच्या शंकांना उत्तरे देणे, पैसे वसूल करणे आणि तक्रार आली की पहिली तपासणी करणे या कामांचा मोबदला म्हणजे ते मार्जिन असते. दुकानदार दूर झाला तरी ही कामे दूर होत नाहीत, ती आपल्या अंगावर येतात. याच्या उलट चूकही तितकीच सर्रास होते: जिल्हाभरातल्या दुकानांत उधारीवर माल भरायचा आणि मग वसुलीसाठी हेलपाटे घालत बसायचे.

हा लेख महिन्याला साधारण ५ ते ३० संगणक स्वतः जुळवून विकणाऱ्यांसाठी आहे. मोठ्या कंपन्यांच्या तयार लॅपटॉपची डीलरशिप चालवणाऱ्यांचे नियम कंपनी ठरवते, त्यामुळे तो विषय येथे घेतलेला नाही. पुढील टप्प्यांचा क्रम बदलू नये. विशेषतः पहिला टप्पा पूर्ण झाल्याशिवाय एकाही दुकानदाराशी दराची बोलणी करू नयेत.

## टप्पा १: एका यंत्राचा खरा हिशेब मांडणे

सर्वाधिक खपणारे एकच मॉडेल निवडावे आणि वहीत त्याचे तीन रकाने करावेत: दुकानामार्फत विक्री, आपल्याच गावात थेट विक्री, आणि बाहेरगावी कुरियरने थेट विक्री. "दुकान की थेट" असे दोनच रकाने केले की हिशेब फसतो, कारण गावातली थेट विक्री आणि दूरची थेट विक्री यांच्या खर्चात फार मोठे अंतर असते.

उदाहरणादाखल एक हिशेब करून पाहू. यातले आकडे केवळ पद्धत समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालावेत. समजा, सुट्या भागांची खरेदी जीएसटी वगळून ३२,००० रुपये, जुळणी व चाचणीची मजुरी ८०० आणि खोके व फोम ४५० रुपये. यंत्र आपल्याला ३३,२५० रुपयांना पडले. ग्राहकाला द्यायची किंमत ३९,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४६,०२० रुपये.

दुकानाला ८ टक्के, म्हणजे ३,१२० रुपये मार्जिन दिले, तर दुकानाच्या नावे ३५,८८० अधिक जीएसटी असे बिल होते आणि २,६३० रुपये उरल्यासारखे दिसतात. त्यातून माल पोहोचवण्याचे १५०, वॉरंटीसाठी बाजूला काढलेले ४००, आणि जीएसटीसह सुमारे ४२,३४० रुपये ४५ दिवस अडकल्याचे, दरमहा दीड टक्का व्याजाने, साधारण ९५० रुपये वजा केले की १,१३० उरतात. तेच दुकान रोखीने माल घेत असेल तर २,०८० उरतात.

बाहेरगावच्या थेट विक्रीत सुरुवातीला ५,७५० रुपये दिसतात, आणि हाच आकडा लोकांना भुलवतो. कुरियर व मालाचा विमा ९००, दर विकल्या गेलेल्या यंत्रामागे जाहिरात १,२००, पेमेंट गेटवेचे दोन टक्क्यांनी ९२०, फोनवर व संदेशांत गेलेल्या तीन तासांचे ६००, वॉरंटीत यंत्र परत मागवून पुन्हा पाठवण्याची तरतूद ९००, आणि परत येणाऱ्या मालाची तरतूद ५००. एकूण ५,०२० वजा होऊन हाती ७३० रुपये राहतात. उधारीवर माल घेणाऱ्या दुकानापेक्षाही हे कमी आहेत.

गावातल्या थेट विक्रीत मात्र घरी जाऊन यंत्र बसवून देण्याचे २५०, जाहिरातीचे ५००, वेळेचे ६००, वॉरंटीचे ४०० आणि परताव्याचे २०० धरले आणि पैसे यूपीआयने थेट बँक खात्यात घेतले, तर ३,८०० रुपये उरतात.

आपले आकडे वेगळे येतील, पण बहुतेकांच्या वहीत चित्र असेच उमटते: दुचाकीवरून तासाभरात पोहोचता येईल तेथवर थेट विक्री फायद्याची, आणि त्यापलीकडे दुकान. माझा सल्ला हाच आहे, आणि पुढचे सारे टप्पे या विभागणीवर उभे आहेत.

तपासणी: स्वतःच्या वेळेची किंमत हिशेबात धरली आहे का, हे पुन्हा पाहावे. ती शून्य धरली की थेट विक्री नेहमीच स्वस्त दिसते.

## टप्पा २: कागदपत्रे आधी पूर्ण करणे

माल विकून झाल्यावर कागद जमवणे महागात पडते. त्यातल्या ज्या बाबी हमखास सुटतात तेवढ्याच येथे देतो.

जीएसटीची नियमित नोंदणी असावी. कंपोझिशन योजनेत (लहान व्यावसायिकांसाठीची जीएसटीची सोपी योजना) असलेल्या विक्रेत्याला बिलात कर वेगळा दाखवता येत नाही, त्यामुळे दुकानदाराला इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही आणि तो माल घेण्यास कांकू करतो. शिवाय या योजनेत राज्याबाहेर माल विकता येत नाही. पुण्याचा विक्रेता बेळगावच्या ग्राहकाला यंत्र पाठवत असेल तर बिल आयजीएसटीचे, म्हणजे आंतरराज्य विक्रीवरील जीएसटीचे, होईल. ई-वे बिल म्हणजे मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा कागद; त्याची मर्यादा महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाख रुपये आहे, तर राज्याबाहेर जाणाऱ्या मालासाठी ५० हजार. वरच्या उदाहरणातले एक यंत्र बेळगावला पाठवताना ई-वे बिल लागणार नाही, पण दोन यंत्रे एका बिलावर गेली की लागेल. त्याचप्रमाणे दुकानाला एका खेपेस पाच यंत्रे देताना रक्कम २ लाखांच्या वर जाते, हे विसरू नये.

सूक्ष्म वा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी करताना व्यवसाय उत्पादन म्हणून नोंदवला आहे की निव्वळ व्यापार म्हणून, हे पाहावे. उशिरा मिळणाऱ्या पैशांबाबत २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास (एमएसएमईडी) कायद्याचे संरक्षण केवळ व्यापारी म्हणून नोंद असलेल्याला मिळत नाही. याचा उपयोग चौथ्या टप्प्यात येईल.

दुकानात ठेवायच्या बंद खोक्यावर वैधमापन नियमांप्रमाणे उत्पादकाचे वा पॅक करणाऱ्याचे नाव व पत्ता, नग, महिना व वर्ष, सर्व करांसह एमआरपी आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क छापलेला असावा. स्वतःच्या ब्रँडचे नाव कॅबिनेटवर लावून माल बाजारात आणायचा असेल, तर भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) सक्तीच्या नोंदणीबाबत आधी सल्लागाराकडून खात्री करून घ्यावी, कारण संगणक व पॉवर अॅडॉप्टर त्या यादीत येतात. २०२२ चे ई-कचरा नियम सूक्ष्म उद्योगांना लागू नाहीत. पण उलाढाल वाढून आपण त्या व्याख्येबाहेर गेलो की ते लागू होतात.

इशारा: विनापरवाना विंडोज टाकून यंत्र देऊ नये. परवाना दिला असेल तर बिलात स्वतंत्र ओळ असावी. दिला नसेल तर "ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय" असे बिलावर स्पष्ट लिहावे.

## टप्पा ३: दर ठरवणे

दुकानदार तुटतो तो बहुधा याच टप्प्यावर. त्याच्या काउंटरवर ४६,००० रुपयांना ठेवलेले यंत्र ग्राहक मोबाईलवर शोधतो, आपल्याच पानावर ते ४३,००० ला दिसते, आणि दुकानदार विचारतो, "तुम्हीच स्वस्त देणार, तर आम्ही हे कशाला मांडून ठेवायचे?" त्याच्याकडे या प्रश्नाचे उत्तर नसते आणि आपल्याकडेही.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, तेच मॉडेल थेट विकायचे असेल तर ग्राहकाला पडणारी किंमत दुकानाइतकीच ठेवावी. थेट घेणाऱ्याला सवलत दरात न देता घरी बसवून देणे किंवा जुन्या यंत्रातली माहिती नव्यात उतरवून देणे अशा सेवेत द्यावी. दुसरा उपाय अधिक टिकाऊ आहे. दुकानांसाठी ठरावीक तीन मॉडेल नेमावीत, उदाहरणार्थ शालेय, कार्यालयीन आणि साध्या गेमिंगचे, आणि ती आपण थेट विकूच नयेत. थेट ग्राहकाला केवळ मागणीप्रमाणे जुळवलेले यंत्र द्यावे. ज्याला व्हिडिओ संकलनासाठी ६४ जीबी रॅम हवी आहे किंवा टॅलीसाठी दोन पडदे हवे आहेत, तो तसाही दुकानातल्या तयार खोक्याकडे वळत नाही.

दरपत्रकावर मुदत लिहिणे अत्यावश्यक आहे. २०२५ च्या अखेरीस रॅमचे दर झपाट्याने चढले, तेव्हा पंधरा दिवसांपूर्वी तोंडी सांगितलेला दर पाळताना कित्येकांचा सगळा नफा गेला. थेट ग्राहकाला तीन दिवस आणि दुकानाला सात दिवस, याहून अधिक मुदत देऊ नये.

## टप्पा ४: दुकानाशी व्यवहार लिहून घेणे

ओळखीचा माणूस आहे म्हणून कागद टाळू नये. ओळख टिकावी म्हणूनच कागद करावा. एका पानाचा करार पुरतो, पण त्यात पुढील गोष्टी असायलाच हव्यात.

उधारीची मुदत आकड्यात लिहावी. एमएसएमईडी कायद्यानुसार लेखी करार असला तरी ही मुदत ४५ दिवसांच्या वर नेता येत नाही, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत पैसे देणे अपेक्षित असते. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज लागू होते. प्रत्यक्षात छोट्या दुकानदाराकडून असे व्याज कोणी वसूल करत नाही, परंतु बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि ही मुदत छापलेली असली की पैसे मागताना संकोच वाटत नाही. आणि मागायला उशीर करू नये, कारण मासिक विवरणपत्र भरणाऱ्याला या बिलावरचा जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत स्वतःच्या खिशातून भरावा लागतो, मग दुकानाचे पैसे आलेले असोत वा नसोत.

"विकल्यावर पैसे" या अटीवर माल ठेवत असाल, तर तो डिलिव्हरी चलनावर द्यावा. विक्री झाल्यावर, आणि न झाली तरी माल पाठवल्यापासून सहा महिन्यांत, बिल करावे लागते. तोपर्यंत माल आपलाच असतो. दुकानात आग लागली वा चोरी झाली तर नुकसान कोणाचे, आणि दुकानदाराच्या विम्यात आपला माल येतो का, हे आधी विचारावे.

डेमोसाठी ठेवलेल्या यंत्राची नोंद वेगळी करावी. चार महिने काउंटरवर दिवसभर चालू असलेले, पंख्यात धूळ भरलेले यंत्र दिवाळीच्या गर्दीत खोक्यात घालून नवे म्हणून विकले गेल्याचे मी पाहिले आहे; त्या ग्राहकाची तक्रार अखेर जुळणी करणाऱ्याकडेच आली. डेमो यंत्राच्या मागे सहज न निघणारे स्टिकर लावावे आणि ते कोणत्या दराने, कधी निकाली काढायचे हे करारातच ठरवावे.

पडून राहिलेल्या मालाचे काय करायचे, हेही लिहावे. साठ दिवसांत न खपलेले यंत्र बदलून देणे मला सर्वांत सोयीचे वाटते, कारण परत आलेले यंत्र मागणीप्रमाणे बदल करून आपण गावात थेट विकू शकतो. परत घेताना क्रेडिट नोट (आधीच्या बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) करण्यास विसरू नये.

तपासणी: पहिल्या दुकानाला पहिल्या खेपेस दोनच यंत्रे द्यावीत. त्यांचे पैसे ठरल्या तारखेस आले, तरच पुढची खेप.

## टप्पा ५: थेट विक्रीची मागणी घेणे आणि जुळणी करणे

थेट विक्रीचा खरा लाभ दरात नसून रोकडीच्या क्रमात आहे. डेल कंपनीने १९८४ पासून थेट विक्रीवर धंदा उभारला तो याच बळावर: ग्राहकाचे पैसे आधी येत आणि सुट्या भागांच्या पुरवठादाराला नंतर द्यावे लागत. आपल्या पातळीवर याचा अर्थ इतकाच की आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय भाग खरेदी करू नयेत. निम्मी रक्कम मागणीबरोबर, आणि उरलेली यंत्र चालू करून दाखवल्यावर, पण हाती देण्यापूर्वी.

मागणी घेताना ग्राहकाला काय काम करायचे आहे हे विचारावे, आणि प्रत्येक भागाचे मॉडेल लेखी कळवून त्याचा होकार लेखी घ्यावा. "५०० जीबी एसएसडी" असे मोघम लिहिले की पुढे वाद ठरलेला. जुळणीनंतर प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर बिलावर लिहावा, रॅमची चाचणी रात्रभर चालवावी, आणि प्रोसेसरवर पूर्ण भार टाकून तासाभराने तापमान किती होते त्याचे छायाचित्र ठेवावे.

गावातल्या ग्राहकाकडे यंत्र बसवताना सर्वप्रथम भिंतीतल्या सॉकेटचे अर्थिंग तपासावे. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तीन छिद्रांचे सॉकेट असते, पण मागे अर्थिंगची तार जोडलेलीच नसते. कॅबिनेटला हात लावला की बोटांना झिणझिण्या येतात आणि ग्राहक म्हणतो, "यंत्रात करंट उतरतोय." एसएमपीएस (यंत्राला वीज पुरवणारा भाग) बदलूनही ती तक्रार जात नाही. तपासणी आधीच करून, अर्थिंग नसल्यास तसे ग्राहकाला लिहून कळवावे आणि वायरमनला बोलावण्यास सांगावे.

## टप्पा ६: बाहेरगावी पाठवणे भागच असेल तर

हे शक्यतो टाळावे, असेच मी सांगेन. तरीही एखादी मागणी येतेच.

काही वर्षांपूर्वी मी नांदेडला एक गेमिंग यंत्र पाठवले. खोके मजबूत होते, बाहेर एक ओरखडाही नव्हता. ग्राहकाने कॅबिनेटची बाजू उघडली तेव्हा जवळपास किलोभर वजनाचे ग्राफिक्स कार्ड स्लॉटमधून निसटून वायरीवर लोंबत होते आणि मदरबोर्डचा स्लॉट एका बाजूने उखडला होता. कुरियरवाल्यांनी खोके शाबूत असल्याचे दाखवून हात वर केले. चूक माझीच होती: मी कार्ड जागेवर बसवून पाठवले होते.

तेव्हापासून क्रम असा ठेवला आहे. ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्या मूळ खोक्यात वेगळे पाठवावे. उंच, जड कूलर असेल तर तोही काढावा. काढता येत नसेल तर कॅबिनेटच्या आत फोमच्या पिशव्या भरून त्याला आधार द्यावा. काचेच्या बाजूवर चिकटपट्टी उभी-आडवी लावावी. कॅबिनेट त्याच्या मूळ खोक्यात, ते खोके दुसऱ्या मोठ्या खोक्यात, आणि दोहोंमध्ये सर्व बाजूंनी किमान दोन इंच भरण. खोके बंद करण्याआधी आतल्या भागांचे, सिरीयल नंबरांचे आणि वजनकाट्याचे छायाचित्र घ्यावे. विमा पूर्ण किमतीचा काढावा, आणि खोके उघडतानाचा सलग व्हिडिओ काढण्यास ग्राहकाला आधीच सांगावे.

इशारा: "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही ओळ बिलावर छापून सुटका होत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिलात मुदत दिलेली नसेल, तर सदोष माल ३० दिवसांत परत घेण्यास नकार देणे ही अनुचित प्रथा ठरते. शिवाय ग्राहक जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करू शकतो; लातूरच्या ग्राहकाने तक्रार केली, तर तारखेला लातूरला जावे लागू शकते. हा प्रवास पहिल्या टप्प्यातल्या हिशेबात नव्हता.

## टप्पा ७: वॉरंटीची दोन घड्याळे जुळवणे

ग्राहकाची वॉरंटी त्याच्या बिलाच्या तारखेपासून सुरू होते. सुट्या भागांची वॉरंटी मात्र पुष्कळदा डिस्ट्रिब्युटरने आपल्याला दिलेल्या बिलाच्या तारखेपासून मोजली जाते. थेट विक्रीत हे अंतर चार-आठ दिवसांचे असते, म्हणून जाणवत नाही. दुकानात यंत्र चार महिने पडून राहिले, की शेवटच्या चार महिन्यांत बिघडलेला एसएमपीएस आपल्या खिशातून बदलून द्यावा लागतो. यासाठी खरेदीच्या वेळीच, मग ती मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावरून असो वा स्थानिक डिस्ट्रिब्युटरकडून, प्रत्येक भागाची वॉरंटी कोणत्या तारखेपासून हे लिहून घ्यावे आणि दुकानात जाणाऱ्या यंत्रांत जास्त मुदतीचे भाग वापरावेत.

दुकानदाराने तक्रारीची पहिली तपासणी करायची असेल तर त्याला ती शिकवावी लागते. पॉवर केबल व सॉकेट बदलून पाहणे, रॅम काढून पुसून पुन्हा बसवणे, मॉनिटरची केबल मदरबोर्डऐवजी ग्राफिक्स कार्डाला लावली आहे ना हे पाहणे: एवढ्या तीन गोष्टींचा मराठी तक्ता खोक्यात आणि काउंटरमागे असला, तरी पुष्कळशी यंत्रे आपल्यापर्यंत येतच नाहीत.

## टप्पा ८: तीन महिन्यांनी वही पुन्हा उघडणे

प्रत्येक यंत्रासाठी एक ओळ ठेवावी: सिरीयल नंबर, कोणत्या मार्गाने गेले, पैसे किती दिवसांनी आले, किती फोन आले, परत आले का, आणि सरतेशेवटी किती उरले. जून-जुलैतील प्रवेशांचा काळ आणि दसरा-दिवाळी यांतले आकडे वेगळे पाहावेत, कारण त्या दिवसांत खराब व्यवस्थाही चांगली दिसते.

एखाद्या दुकानाचे पैसे सरासरी ६० दिवसांनी येत असतील, तर त्याला रोखीचा दर द्यावा आणि उधारी बंद करावी. ते दुकान सोडून गेले तरी चालेल. गावातल्या थेट विक्रीत एका यंत्रामागे तीनऐवजी सहा तास जात असतील, तर घरी बसवून देण्याचे वेगळे शुल्क लावावे किंवा साधी यंत्रे दुकानाकडे वळवावीत. मार्ग बदलण्यात कमीपणा नाही: थेट विक्रीसाठी ओळखली जाणारी डेलही १९९४ मध्ये अमेरिकेतल्या दुकानांतून बाहेर पडली होती आणि २००७ मध्ये वॉलमार्टच्या फळीवर परतली. बदल करताना मात्र जुन्या दुकानांना किमान महिनाभर आधी लेखी कळवावे, त्यांच्याकडचा न खपलेला माल आधी परत घ्यावा किंवा त्याचा हिशेब मिटवावा, आणि त्यानंतरच ते मॉडेल आपल्या पानावर चढवावे.